गुंडीचं माप

१२ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

भावजी फोनवर म्हणाले की माझा आवाज ऐकला की गुंडी संध्याकाळभर दाराकडे बघत बसते आणि घास घेत नाही. म्हणून फोन नको, चिठ्ठी लिही. बरं. लिहिते. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, सातवीत शाळा सुटली ती सुटली, हसू नका.

खरं विचारू का? दाराकडे बघते हे भावजी आपणहून म्हणाले की तुम्ही म्हणायला लावलं?

राग मानू नका. इथे दोन महिने झाले तरी मला सगळ्याची भीतीच वाटते. दुकानाच्या मागच्या खोलीत एका भिंतीला कापडाचे तागे आणि दुसऱ्या भिंतीला माझी गादी. खाली सुया, टाचण्या, गरम इस्त्री, कात्र्या. दुकानवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की रांगतं मूल इथे चालणार नाही, आणि त्यांचं खरंच आहे. मी स्वतःच दोनदा टाचणीवर पाय दिलाय. पण रोज कुणाचं तरी बाळ दुकानात येतं आणि मला मशीन सोडून उठावं लागतं.

आता मुद्द्याचं. बाई म्हणतात, तुझी स्वतःची लाइन काढू. लाइन म्हणजे रांग नाही. एका हातचे, एका नावाचे कपडे, त्यांचा वेगळा रॅक, आत वेगळं लेबल. पहिले तीस फ्रॉक विकले गेले तर रॅक माझा. गिऱ्हाइकांना सांगतात, ही आमची डिझायनर. मी मागे वळून बघते कोण आलं म्हणून.

मापांचा एक छापील तक्ता त्यांनी दिला होता, इंग्रजीत. मला तो नीट वाचता येईना. तसं सांगायची लाज वाटली, म्हणून बोलून गेले, मी तक्त्यावरून नाही, माझ्या पोरीच्या अंगावरून कापणार. बाईंना ते इतकं आवडलं की म्हणाल्या, हेच कार्डावर छापू. 'एका खऱ्या बाळाच्या मापाचे.' छापलं सुद्धा. एक वर्षाची साईज गुंडीच्या अंगावरून, आणि तिच्यावरूनच कमी करून सहा महिन्यांची, वाढवून दोन वर्षांची. लेबलवर नावही गुंडीच.

तर तुम्ही तिचं माप घेऊन पाठवा. छाती, खांदा, मुंढा, उंची. अंगात काही नसताना घ्या. रडत असेल तर घेऊ नका, रडताना छाती फुगते. टेप मशीनच्या खणात आहे. तिथे बटणंही आहेत, तो खण लगेच बंद करा, तिच्या हाताला लागतील. नखं झोपेत कापा. पाणी कोमट द्या.

तुमची धाकटी जाऊ


१९ फेब्रुवारी

धाकटे, आशीर्वाद.

दाराकडे बघते हे मी सांगायला लावलं. खरं आहे म्हणून सांगायला लावलं. तुझ्या भावजींना पोर कुठे बघते ते कधी दिसणार, त्यांना ताटात काय आहे ते दिसत नाही.

नखं कशी कापायची हे मला शिकवू नकोस. माझी लेक वाढवून, लग्न करून दिली, तिची दहाही बोटं शाबूत आहेत.

माप घेतलं. उघड्या अंगावर, हसत असताना. छाती एकोणीस. खांदा आठ. मुंढा नऊ. उंची फ्रॉकची म्हणशील तर सतरा. कागदाच्या मागे परत एकदा मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे वाचता आलं नाही असं व्हायला नको.

दोन्ही वेळा वाटीभर जेवते. वरून दूध. तुझ्या पदराला तोंड लावायची सवय होती ती सुटली, आता पेल्यातून पिते आणि पेला आपटते. तू निघायच्या आधी तापातून उठली तेव्हा नुसती काडी होती, आता उचलून घेतलं की माझं कंबरडं बोलतं.

गुंडी हे नाव मी ठेवलंय एवढं लक्षात असू दे. जन्मली तेव्हा तू पोरीला हातात धरायला घाबरत होतीस, मीच म्हणाले की अगं गुंडीएवढं तोंड आहे, काय घाबरतेस. आता ते लेबलवर चढलं. चढू दे. मशीन कुणाची होती आणि सरळ टाका कुणी शिकवला, हे तुझ्या बाई कार्डावर छापणार नाहीत, ते मला माहीत आहे.

डिझायनरबाईंनी जेवण वेळेवर करावं.

मोठी


२६ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

माप मिळालं. एकोणीस वाचून मी टेप घेतली आणि हवेत गोल धरून बघितली. ताई, मी निघाले तेव्हा ती साडेसतरा होती. मी स्वतः मोजलेली. शेवटच्या दिवशी, मांडीवर घेऊन.

एवढ्यात दीड इंच? स्वेटरवरून घेतलं असेल तर सांगा, माणसाकडून होतं. तुमची टेप जुनी, ओढली की वाढते.

आणि माझ्याकडे काडी होती, तुमच्याकडे भरली असं कळवायचं असेल तर सरळ तसं लिहा. मापातून कशाला लिहिता.

पदराची सवय सुटली हे वाचलं. बरं झालं. इकडे माझ्या अंगाची सवय अजून सुटलेली नाही, दुकानात एखादं तान्हं रडलं की ब्लाउज भिजतो आणि मी कापड छातीशी धरून उभी राहते. बाईंना वाटतं मी रंग जुळवून बघतेय.

मापाचं मी माझ्या मनाने बघून घेते. कापायला काढलंय. मऊ सुती कापड, पिवळट, बारीक ठिपके, पुढे एकच मोठी लाकडी गुंडी. पहिला फ्रॉक आपल्या गुंडीला पाठवते. तीस त्यानंतर. तिच्या अंगावर बसला की मला लगेच कळवा. तिला सांगा आईने शिवलाय. सांगाल ना? की नुसताच घालाल?

धाकटी


१० मार्च

धाकटे,

फ्रॉक मिळाला. कापड चांगलं, शिवण सरळ, ते मान्य.

पण बसला नाही. डोकं गेलं, एक हात गेला, दुसऱ्या हाताला काखेखाली अडकला. पोर दोन्ही हात वर करून उभी, जणू कुणी चोर म्हणून पकडलीय. तुझे भावजी हसले, मग पोर रडली, मग मी भावजींना बाहेर काढलं.

मी मापं लिहिली ती कुठे गेली? दोनदा लिहिली होती. की तुला आता पोरीचं अंगच आठवेनासं झालं? दुकानात दहा लोकांची बाळं बघतेस, त्यातल्या कुणाचं तरी शिवलं असशील. मला वाईट वाटलं, लपवत नाही. तीन महिन्यांत आईला लेकीचा मुंढा आठवू नये.

शेवटी मी दोन्ही बाजूंची शिवण उसवली, माझ्या जुन्या साडीची निळी पट्टी दोन्हीकडून घातली. आता छान बसतो. शेजारीण विचारत होती कुणी शिवला. मी म्हटलं, मी. अर्धा मीच शिवलाय.

आता भिंत धरून उभी राहते. आईने शिवलाय हे सांगितलं. ऐकून तिने गुंडी तोंडात घातली.

मोठी


२४ मार्च

ताई,

तुमची चिठ्ठी आली तेव्हा तीसच्या तीस फ्रॉक रॅकवर लागलेले होते. मी ती वाचली, घडी घातली आणि खणात टाकली. वाटलं, एक फ्रॉक चुकला असेल.

पहिले चार दिवस मी हवेत होते. माझा रॅक, दारातून आत आलं की डाव्या हाताला. बायका थांबायच्या, कार्ड वाचायच्या, हसायच्या. एका बाईने तीन नेले. मी मागून पडद्याच्या फटीतून बघत होते. मला वाटलं, आता ताईंना कळवते, जरा जळू देत.

मग परत यायला लागले. पहिली आली ती गरीब बिचारी, म्हणाली, माझंच बाळ जरा जाडं असेल. दुसरीने काउंटरवर फ्रॉक टाकला. म्हणाली, हे कुठलं खरं बाळ आहे तुमचं, बाहुली आहे का? तिच्या कडेवरच्या पोरीच्या काखेत लाल वळ उठला होता. ताई, मी कुणाच्या तरी बाळाला दुखवलं.

मोठ्या साईजचे आले, लहान साईजचे आले. सगळे एकाच मापातून काढलेले, एक चुकलं की सगळेच चुकले.

बाई ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट. पुढ्यात बसवून विचारलं, माप कुणी घेतलं? मी म्हटलं, जाऊबाईंनी. त्या म्हणाल्या, मग त्यांना माप घेता येत नाही. आणि मी, ताई, मी मान हलवली.

आता लिहितेच. तुमचं माप बरोबर असणार हे मला वाचतानाच कळलं होतं. तुम्ही कापडाच्या बाबतीत खोटं बोलत नाही. पण मला ते एकोणीस सहन होईना. माझ्या दुधावर साडेसतरा आणि तुमच्या वाटीवर एकोणीस. मी कागदावर अठरा लिहिलं. अठराच ठेवलं, म्हणजे वाढली आहे पण फार नाही, असं. माझ्या डोळ्यासमोर जी पोर होती तिच्या अंगावरून मी कापलं. ती पोर आता नाहीच.

बाई म्हणाल्या, दुसरा लॉट कर, तो परत आला तर रॅक रिकामा कर. एक नवी मुलगी येऊन बसते हल्ली, डिझायनिंगचा कोर्स केलेली, केस मोकळे, हातात कायम वही. माझ्या रॅकसमोर उभी राहून बाईंशी हळू बोलते. तिला मूल नाही, भीती नाही, तक्ता वाचता येतो.

तुम्ही गुंडीला घेऊन इकडे या. एक दिवस. मला माझ्या हाताने मोजू द्या.

धाकटी


३० मार्च

धाकटे,

मी आणणार नाही. तू ये.

मान हलवलीस म्हणे. छान. माझं माप चुकलं असं आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं आणि तू मान हलवलीस. चिठ्ठी वाचून मी चूल बंद केली आणि बसून राहिले. तुझ्या भावजींनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, काही नाही, मला माप घेता येत नाही.

त्या मशीनवर मी किती वर्षं काढली तुला माहीत आहे. लोकांच्या साड्यांचे फॉल, शाळेचे गणवेश, फाटलेले खिसे, उशांचे अभ्रे. तू लग्न होऊन आलीस, दोन वर्षं माझ्या शेजारी स्टुलावर बसलीस, आणि एक बाई तुझ्या लेकीच्या अंगावरचं झबलं बघून तुला घेऊन गेली. ते झबलं मी कापलं होतं. तू शिवलं होतंस. तिने विचारलं कुणी केलं, तू म्हणालीस, मी. तेव्हा मीही तिथेच उभी होते. मान मीही हलवली.

तेव्हा फार आव आणू नको की जळणारी तू एकटीच आहेस. मला कधी कुणी रॅक दिला नाही. मला पोर मिळाली, सांभाळायला. मग मी ती नीट सांभाळली. जरा जास्तच नीट सांभाळली असेल.

आता साडेएकोणीस आहे. विश्वास नसेल तर ये आणि बघ.

मोठी


३० एप्रिल

ताईंना नमस्कार,

येऊन गेले त्यावर आपण दोघी काहीच बोललो नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही लिहिलं होतं भिंत धरून उभी राहते. मी दारात पिशवी ठेवली आणि ती स्वयंपाकघरातून चालत बाहेर आली. चालत, ताई. हातात चमचा. मला बघून थांबली, आणि मग वळून तुमच्या साडीत शिरली. मी हसले, कारण भावजी बघत होते. तुम्हीही हसलात. तुमचं हसू मला आवडलं नाही.

दोन दिवस ती माझ्याकडे आली नाही. मी आणलेला चेंडू घेतला, मला नाही घेतलं. तुम्ही तिला ढकलत होतात, जा, जा आईकडे, आणि जेवढं ढकलाल तेवढी ती घट्ट धरत होती. मला तुमचा इतका राग आला की पाणी पितानाही तुमचा पेला मी बाजूला सारला.

दुपारी ती झोपली तेव्हा तुम्ही मुद्दाम बाहेर कपडे वाळत घालायला गेलात. मला समजलं. मी टेप काढली. झोपेत तिची छाती वर यायची, खाली जायची, मी खाली जायची वाट बघत होते. साडेएकोणीस. सुताएवढाही फरक नाही. तुम्ही खोटं लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. खरं लिहिलंत त्याचा राग जास्त आला.

मग मी तिथेच बसून राहिले. मनगट मोजलं, मांडी मोजली, ज्याची गरज नव्हती तेही मोजलं. पाठीवरचा तीळ मोठा झालाय. तो मापात येत नाही, म्हणून तुम्ही कळवला नसेल.

इकडे येऊन कागदी साचा फाडला, नवा काढला. एकोणीस धरून कापला, कारण ती वर्षाची झाली तेव्हाचं माप तेच, तुमचं. बाजूला तुमच्यासारखी निळी पट्टी घातली. खरं माप कुणाचं ते बाईंना सांगितलं. माझ्या तोंडाने, उभं राहून. त्या म्हणाल्या, मग त्या बाईंना तिकडे ठेवून तू इकडे काय करतेस?

दुसरा लॉट गेला. परत एकही आला नाही. लाल वळवाली बाई सुद्धा येऊन एक घेऊन गेली, तिच्या पोरीला मी स्वतः घालून बघितला. रॅक राहिला. वहीवाल्या मुलीला बाईंनी समोरचा कोपरा दिला, तिचे कपडे सुंदर आहेत, मी रोज बघते आणि रोज जळते.

आता मागणं. दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे. खाली इस्त्री, वर काही नाही, दाराला कडी उंचावर. तुम्ही मशीन आणि गुंडी घेऊन या. माझ्या हाताखाली नाही. कापणं तुम्ही, शिवणं मी, कार्डावर दोघींचं. बाईंशी बोलले आहे.

भीती वाटतेय हे लिहितानाही. तुम्ही आलात तर ती रोज माझ्यासमोर तुमच्याकडेच जाईल. नाही आलात तर ती मला दिसणारच नाही. यातलं कमी वाईट कुठलं ते मी ठरवलंय.

धाकटी


६ मे

धाकटे,

हाताखाली नाही म्हणालीस ते बरं केलंस. नाहीतर ही चिठ्ठी आली नसती.

तुझे भावजी म्हणतात, दोघी एका खोलीत राहिलात तर निदान टपालखर्च तरी वाचेल, आणि मला कुणी चूल बंद करून उपाशी ठेवणार नाही. महिनाभर इकडे, महिनाभर तिकडे असं करून बघू म्हणाले. स्वतःचं जेवण स्वतः करणार आहेत. मला ते बघायला थांबावंसं वाटतंय, पण नको.

येते. मशीन घेऊन येते. पण आधी दोन गोष्टी लिहिते, तिथे आल्यावर तोंडाने बोलता येणार नाही.

ती पहिलं पाऊल तुझा फ्रॉक यायच्या आदल्या दिवशीच टाकून बसली होती. मी तुला भिंत धरून लिहिलं. तुलाही पहिलं म्हणून बघता यावं यासाठी लपवलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल. तसं नाही. मला ते एकटीला हवं होतं.

दुसरी. ती मला आई म्हणते. मी शिकवलं नाही. मी काकी म्हणायला लावते, ती ऐकून घेते आणि आईच म्हणते. तू आलीस तेव्हा दोन दिवस मी तिच्या तोंडात सारखं काहीतरी खायला कोंबत होते, ते त्यासाठी. तिथे एका खोलीत किती वेळ कोंबणार? तुझ्यासमोर मला हाक मारेल. तुला ऐकावं लागेल.

हे वाचून नको म्हणालीस तरी मी समजून घेईन. समजून घेईन, पण विसरणार नाही.

मोठी


९ मे

ताई,

चिठ्ठी वाचली. शिवण तिथेच टाकली, वर गेले, रिकाम्या खोलीत बसून मन भरेपर्यंत रडले, तुम्हाला बरंच काही बोलले. बरं झालं तुम्ही अजून पोचला नव्हतात.

मग खोली झाडून घेतली. खिडकीच्या खाली तुमची मशीन, उजेड डाव्या हाताला येईल. माझी समोर. मधे सतरंजी.

या. ती आई म्हणून हाक मारेल तेव्हा आपण दोघींनी ओ द्यायची. एकदम. मग ती कुणाकडे वळते ते बघू.

धाकटी